पडके महाल नांदते करणारा

मागल्या जत्रेच्या वेळी आमचे सारे कुटुंब कुलदेवाच्या दर्शनास जमले होते. महाप्रसाद आटोपल्यावर अग्रशाळेच्या ओटीवर मंडळी पाने खात बसली असता माझ्या पुतणीच्या पुढील शिक्षणाचा विषय निघाला. वकिलाच्या घरातली मुलगी कायदा शिकेल, निदान हिशेबतपासनीस तरी होईल, अशी सर्वांची समजूत होती. तिने मात्र शांतपणे सांगितले की तिला घरांची अंतर्गत रचना करण्याचा, म्हणजे ज्याला हल्ली इंटिरिअर डिझाइन म्हणतात तो अभ्यास करायचा आहे. क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग माझ्या मातोश्रींनी आपल्या कोंकणीत विचारले, "इतलें शिकून लोकांच्या घरांनी पडदे लावपाचे?"

सगळे हसले, पुतणीही हसली. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलेले मला दिसले. "काका, तुम्ही तरी सांगा," असे ती म्हणाली, आणि मी, ज्याचा धंदाच दुसऱ्याच्या वतीने बोलण्याचा, त्या मीच त्या दिवशी काही बोललो नाही. आमच्या कायद्याने तरी या धंद्याला काय दिले आहे? १९७२ च्या कायद्याने वास्तुविशारद ही पदवी संरक्षित झाली. नोंदणी नसलेल्या माणसाला ती नावापुढे लावता येत नाही. त्याच वर्षी घरांतर्गत रचनाकारांची अखिल भारतीय संस्थाही स्थापन झाली. परंतु त्यांच्या पदवीला मात्र असे कायद्याचे कवच मिळालेले नाही. तेव्हा मातोश्रींच्या प्रश्नाला कायद्याच्या पुस्तकातून उत्तर देणे मला साधले नसते.

ते उत्तर मला पुढे काही महिन्यांनी मांडूस मिळाले. आमचे काही आप्त इंदुरास असतात. त्यांच्याबरोबर श्रावणात धारवरून मांडवगड पाहावयास गेलो. गेलो तो रूपमती आणि बाजबहादुराची कथा मनात घेऊन; परतलो तो एका दुरुस्ती करणाऱ्या कारागिराचे चरित्र जुळवीत. त्या कारागिराचे नाव अब्दुल करीम. त्याची हकीकत वाचकांस सांगावी म्हणून हा लेख.

मांडूचे स्थान प्रथम ध्यानी घ्यावे. विंध्याच्या कड्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंचीवर हे पठार आहे. माळव्याच्या सपाटीपासून काकडा खोह नावाच्या खोल दरीने ते तोडलेले आहे आणि दक्षिणेस नेमाडच्या बाजूला कडा एकदम खाली उतरतो. स्वच्छ दिवशी दूरवर नर्मदेची रेघ दिसते. गड म्हणून ही जागा उत्तम, पण घर म्हणून अवघड. इतक्या उंचीवर नदी नाही. पडेल तो पाऊस धरावा आणि पुढला पावसाळा येईपर्यंत पुरवावा, एवढाच मार्ग. होशंगशहाने (राज्यकाल १४०६ ते १४३५) राजधानी धारहून येथे आणली तेव्हापासून मांडूच्या प्रत्येक गवंड्यापुढे पहिला प्रश्न पाण्याचा होता. घुमटाचा विचार त्यानंतर.

हा प्रश्न त्यांनी ज्या तऱ्हेने सोडविला त्यातच त्या घरांचे सौंदर्य आहे. जहाज महाल पाहा. ही इमारत सामान्यतः घियासुद्दीन खिलजीच्या काळातली (१४६९ ते १५००) मानतात. मुंज तलाव आणि कापूर तलाव या दोन जलाशयांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर ती उभी आहे. लांबी साडेतीनशे फुटांहून अधिक, रुंदी मात्र पन्नास फुटांच्या आसपास. तलाव भरले की ती पाण्यात नांगरून ठेवलेल्या गलबतासारखी दिसते, हे प्रवासी सांगतात ते खरेच. परंतु इतकी लांब आणि इतकी अरुंद इमारत दोन पाण्यांच्या मध्ये का बांधली, हे तिथे अर्धा तास बसल्यावर कळते. वारा कोणत्याही बाजूने येवो, तो पाण्यावरून येतो आणि दालनाच्या आरपार जातो. मध्ये अडून कोंडत नाही. गच्चीवरचे पावसाचे पाणी नागमोडी पन्हळीतून फिरत फिरत, वेग टाकीत, खालच्या स्नानकुंडात उतरते.

जवळच चंपा बावडी आहे. आपल्याकडे हिला बारव म्हटले असते. विहिरीच्या पोटातच, पाण्याच्या अंगाला, तळघराच्या खोल्या काढल्या आहेत. माळव्याचा वैशाख वणवा वर पेटलेला असता या खोल्यांत पाण्याच्या गारव्याने माणूस सुखाने निजू शकेल. शेजारच्या हमामखान्यात थंड आणि ऊन अशा दोन्ही पाण्यांची सोय होती, आणि छताला चांदण्यांच्या आकाराची भोके ठेवून उजेड आत घेतला आहे. स्नानगृहात प्रकाश हवा पण आडोसाही हवा, या गृहिणीच्या दोन्ही मागण्या त्या चांदण्यांनी भागविल्या. पलीकडे रेवाकुंडाचे पाणी उचलून पाटाने ज्या महालास नेले होते त्यास आज बाजबहादुराचा महाल म्हणतात. शिलालेख मात्र सांगतो की तो नासिरुद्दीन खिलजीने १५०८-०९ मध्ये बांधला. घर बांधले एकाने, नाव राहिले दुसऱ्याचे! जमिनीच्या दाव्यांत असले प्रकार मी पुष्कळ पाहिले आहेत. आणि ज्याने प्रत्यक्ष आखणी केली त्या तिसऱ्या माणसाचे नाव तर शिलालेखालाही ठाऊक नाही.

मांडूचे हे वैभव फार काळ टिकले नाही. १५३१ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने गड घेतला, १५६१ मध्ये अकबराच्या फौजेने बाजबहादुराचा पराभव केला आणि राजधानीचा दिमाख संपला. राजा नाही तेथे दिवाबत्ती नाही, दिवाबत्ती नाही तेथे डागडुजी नाही. वडाची मुळे भिंतीत शिरली, पन्हळी गाळाने भरल्या. अशा स्थितीत पन्नास वर्षे गेल्यावर जहांगीर बादशहाच्या मनात आले की दक्षिणेच्या मोहिमेवर नजर ठेवण्यासाठी आपण मांडूस जाऊन राहावे. त्या वेळी तो अजमेरास होता. बादशहा राहावयास येणार, त्याच्याबरोबर जनानखाना, दरबार आणि वकील येणार. आणि येथे तर महालांतून वटवाघळे नांदत होती. तेव्हा जहांगिराने अब्दुल करीम नावाच्या आपल्या बांधकामाच्या जाणत्यास पुढे पाठविले.

या माणसाने काय केले ते जहांगिराने स्वतःच्या आत्मवृत्तात नोंदवून ठेवले आहे, आणि ती नोंद मला फार मोलाची वाटते. पूर्वीच्या सुलतानांच्या ज्या इमारती दुरुस्त होण्याजोग्या होत्या त्या त्याने दुरुस्त केल्या. काही ठिकाणी मात्र अगदी नव्याने बांधकाम केले. सारे पाडून बादशहाच्या नावाचा नवा महाल उठविणे त्याला कठीण नव्हते. हाती बादशाही खजिना होता आणि मागल्या सुलतानांचा कैवार घेणारे कोणी उरले नव्हते. तरी त्याने आधी जुन्याची पाहणी केली, काय वाचेल आणि काय वाचणार नाही याची निवड केली, आणि मगच थापी हाती घेतली. एकूण खर्च सुमारे तीन लक्ष रुपये झाला. १६१७ च्या मार्चमध्ये जहांगीर मांडूस पोचला आणि घर पाहून इतका संतोषला की अशी रम्य वास्तू दुसरीकडे क्वचितच सिद्ध झाली असेल, अशा अर्थाचे त्याने लिहिले. अशा इमारती खरे म्हणजे राजाच्या वस्तीस योग्य अशा मोठ्या नगरांत हव्या होत्या, अशी चुटपुटही त्याने लावून घेतली. अब्दुल करीमला त्याने आठशे जात आणि चारशे स्वार अशी मनसब दिली आणि एक किताब दिला: मामूर खान.

या किताबाकडे वाचकांनी थोडे लक्ष द्यावे. इमारत हा शब्द आपण मराठीत आणि कोंकणीत रोज वापरतो. इमारत, गवंड्यांच्या मुख्याला फारसीत असलेला शब्द मिमार, आणि मामूर, हे तिन्ही एकाच अरबी धातूचे वंशज आहेत. मामूर म्हणजे वसलेले, भरभराटीस आलेले. आपल्या भाषेत सांगायचे तर नांदते. उंच बांधणारा, भव्य बांधणारा असे कोणतेही भूषण बादशहाला देता आले असते. त्याने या कारागिराला नांदते करणारा म्हणून गौरविले असे मी समजतो. चार भिंती आणि छप्पर म्हणजे इमारत. तिच्यात माणसे सुखाने नांदू लागली म्हणजे ती मामूर झाली. या दोहोंमधले अंतर तोडणे हाच माझ्या पुतणीने पत्करलेला धंदा नव्हे काय?

हे अंतर किती मोठे असते हे त्याच वर्षी, त्याच गडावर, दुसऱ्या एका पाहुण्याने अनुभवले. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाचा वकील सर टॉमस रो बादशहाच्या मागोमाग मांडूस आला. त्याच्यासाठी कोणीही पुढे जाऊन घर तयार केलेले नव्हते. शोधता शोधता त्याला भक्कम भिंतीचे एक आवार सापडले. आत एक मशीद आणि एक मोठी कबर. बादशहाच्या वाड्यापासून ते दोन मैलांवर होते, तरी त्यातल्या त्यात तेच बरे म्हणून त्याने तेथे बिऱ्हाड केले. भिंती होत्या, छप्पर होते. पण पाण्याची ददात. त्या उन्हाळ्यात गडावर पाण्याचे इतके दुर्भिक्ष पडले की एका सरदाराच्या तलावातून मेहेरबानीने मिळणाऱ्या पाण्यावर या राजवकिलाला दिवस काढावे लागले. रात्री सिंह आणि लांडगा येत, भिंतीवरून उडी घालून आवारातील शेळ्यामेंढ्या उचलून नेत; त्याचा एक लहान कुत्राही असाच गेला. रोच्या रोजनिशीतल्या या हकीकती वाचताना हसू येते. परंतु एकाच डोंगरावर, एकाच ऋतूत, एक माणूस स्वर्गतुल्य घराची स्तुती लिहितो आणि दुसरा पाण्याचे घडे मोजतो, याचे कारण केवळ एकाची सत्ता आणि दुसऱ्याचे परकेपण एवढेच नाही. एकाच्या आधी मामूर खान येऊन गेला होता, दुसऱ्याच्या आधी कोणी आले नव्हते. दुर्भिक्षात घडे मोजणारा रो एकटा नव्हता, हेही विसरू नये. बादशहाच्या छावणीतील हजारो सामान्य माणसांना तर रोइतकीही मेहेरबानी मिळाली नसेल.

पाऊस आला, तलाव भरले, आणि मांडूने आपले खरे रूप दाखविले. ऑगस्ट महिन्यात शब-ए-बरातच्या रात्री मोठ्या तलावांच्या मध्ये असलेल्या नूरजहान बेगमेच्या महालात मेजवानी झाली. तलावांच्या काठांवर आणि इमारतींवर चहूकडे दिवे लाविले होते. त्यांची प्रतिबिंबे पडून सारे पाणी ज्योतींचे मैदान झाल्यासारखे दिसले, असे जहांगीर सांगतो. आपल्या देवळांतल्या त्रिपुरी पौर्णिमेची, तळीच्या पायऱ्यांवर लावलेल्या पणत्यांची ज्यांना आठवण आहे त्यांना हे दृश्य डोळ्यांपुढे आणावयास कष्ट पडू नयेत. दिवा लावणारा एक दिवा लावतो. दुसरा दिवा पाणी लावते. पाणी कोठे थांबवावे हे ज्याने ठरविले तोच त्या रात्रीच्या रोषणाईचा खरा कर्ता.

त्याच वर्षी ऑक्टोबरात शाहजादा खुर्रम दक्षिणेची मोहीम संपवून मांडूस परतला. बापाने त्याचा मोठा सन्मान करून त्याला शाहजहान हा किताब दिला. ज्या बादशहाच्या नावावर पुढे ताजमहाल झाला त्याला ते नाव या गडावर मिळाले.

मामूर खानाची पुढली वाटचाल पाहू. लाहोरच्या किल्ल्यात जहांगिराच्या चौकाच्या बाजूला एका दारावर शिलालेख आहे. हिजरी १०२७ मध्ये, म्हणजे इसवी सन १६१७-१८ मध्ये, ते राजगृह मामूर खानाच्या देखरेखीने पुरे झाले असे त्यात नमूद आहे. मांडूला बादशहा ज्या वर्षी राहिला त्याच सुमाराला तिकडे लाहोरात याच माणसाचे काम पुरे होत होते. १६२० च्या अखेरीस जहांगीर लाहोरास आला तेव्हा नव्याने सिद्ध झालेली दालने, बैठका आणि त्यांवरचे चित्रकाम पाहून पुन्हा प्रसन्न झाला. तेथे सुमारे सात लक्ष रुपये लागले होते. डागडुजीपासून नव्या राजगृहापर्यंत, तीन लक्षांपासून सात लक्षांपर्यंत, अशी ही चढण आहे.

आणि शेवट? १६३१ मध्ये बऱ्हाणपुरास मुमताजमहलचा मृत्यू झाला आणि पुढच्या वर्षी आग्र्यास तिच्या समाधीचे काम सुरू झाले. त्या कामावर देखरेख करणारे म्हणून शाहजहानचा इतिहासकार लाहोरी दोन नावे देतो: मक्रमत खान आणि मीर अब्दुल करीम. हा मीर अब्दुल करीम म्हणजेच जहांगिराचा मामूर खान असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर जगातील सर्वांत प्रसिद्ध इमारतीवर ज्याने देखरेख केली त्याने आपला लौकिक मांडूच्या गळक्या गच्च्या आणि तुंबलेल्या पन्हळी दुरुस्त करून मिळविला होता. धंद्याची ही पायरी हलकी मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मांडूचा आणि या कारागिरांचा संबंध एवढ्यावर संपत नाही. होशंगशहाची संगमरवरी कबर मांडूस आहे. ती त्याच्या हयातीतच सुरू होऊन महमूद खिलजीच्या वेळी १४४० च्या सुमारास पुरी झाली असे मानतात. संगमरवराच्या मोठ्या इमारतींत ती आपल्या देशातील अगदी आरंभीची. तिच्या दारावर एक लहानसा लेख आहे. हिजरी १०७०, म्हणजे १६५९ मध्ये, चार माणसे येथे दर्शनासाठी येऊन गेली, एवढीच त्यात हकीकत. ती चार नावे अशी: लुत्फुल्लाह मुहंदिस, ख्वाजा जादूराय, उस्ताद शिवराम आणि उस्ताद हमीद. लुत्फुल्लाह हा उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. हा उस्ताद अहमद म्हणजे ताजमहालाचा रचनाकार म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो. आपल्या पित्याने ताजमहाल आणि दिल्लीचा किल्ला बांधला असे लुत्फुल्लाहने आपल्या कवितेत सांगून ठेवले आहे. उस्ताद हमीद हा दिल्लीच्या किल्ल्याच्या कामात अहमदाचा सहकारी होता.

ते येथे आले तेव्हाची वेळ लक्षात घ्यावी. उस्ताद अहमद वारून दहा वर्षे झाली होती. ज्या शाहजहानसाठी त्यांनी जन्मभर बांधले तो आग्र्याच्या किल्ल्यात पुत्राचा बंदिवान झाला होता. ताजमहाल बांधून झाला होता. मग सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या एका परक्या सुलतानाच्या कबरीशी ताजमहालवाल्यांचे काय काम? ते शिकावयास आले होते, निदान नमस्कार करावयास आले होते. आपल्याआधी ज्यांनी हाच दगड, हाच घुमट, हाच प्रकाश हाताळला त्यांचे काम प्रत्यक्ष पाहणे त्यांना आवश्यक वाटले. या चौघांत दोन नावे हिंदू आहेत, आणि उस्ताद ही पदवी शिवरामालाही आहे, हमीदालाही आहे. दगड घडविणाऱ्यांच्या पंक्तीत वेगळे पान मांडलेले दिसत नाही. मला तर त्या लेखाशी उभे राहिल्यावर आमच्या वकिलीतल्या जुन्या रिवाजाची आठवण झाली. नवशिका वकील न्यायालयात मागल्या बाकावर बसून ज्येष्ठांचा युक्तिवाद ऐकतो. येथे मात्र ज्येष्ठच मागल्या बाकावर येऊन बसले होते.

लुत्फुल्लाहचा भाऊ अताउल्लाह याची ओळख तर आपल्याला घरचीच वाटावी. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखामुळे ज्याचे कुल आपल्याला माहीत आहे त्या भास्कराचार्यांच्या बीजगणिताचे फारसी भाषांतर या अताउल्लाहने १६३४-३५ मध्ये केले. पुढे औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, बीबीचा मकबरा उभा राहिला. त्याच्या दारावरील लेखात रचनाकार अताउल्लाह आणि कामाचा प्रमुख हंसपतराय अशी नावे आहेत. घर आखणाऱ्याला गणित यावे लागते, आणि ते गणित सह्याद्रीच्या पायथ्याशी बसलेल्या एका ब्राह्मण ज्योतिष्याच्या ग्रंथातूनही शिकता येते, हे त्या कुटुंबाला कळले होते.

येथवर मी मुसलमान राजवटीतील कारागिरांविषयीच लिहिले, म्हणून कोणी असे समजू नये की या प्रदेशात घर बांधण्याचे शास्त्र त्यांच्याबरोबर आले. मांडूहून सुमारे वीस मैलांवर धार आहे, भोजराजाची धारानगरी. अकराव्या शतकातील या परमार राजाच्या नावावर समरांगणसूत्रधार हा त्र्याऐंशी अध्यायांचा वास्तुशास्त्रावरील ग्रंथ आहे. तो छापून आला बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये, १९२४-२५ साली, टी. गणपतिशास्त्री यांनी संपादिलेला. म्हणजे माळव्याच्या राजाचा हा ग्रंथ एका मराठी संस्थानिकाच्या आश्रयाने जगापुढे आला. या ग्रंथात स्थपतीची, म्हणजे घर आखणाऱ्या मुख्य कारागिराची लक्षणे सांगितली आहेत. त्याला चार गोष्टी हव्यात: शास्त्राचे ज्ञान, हाताचे काम, प्रज्ञा आणि शील. शास्त्र येते पण हात चालत नाही तो प्रत्यक्ष कामापुढे गोंधळतो. हात चालतो पण शास्त्र नाही तो आंधळ्यासारखा दुसऱ्याने नेईल तिकडे जातो. आणि हे सारे असून शील नसेल तर काम चांगले ठरत नाही. वकिलाची सनद देतानाही हीच चार लक्षणे तपासावीत असे मला प्रामाणिकपणे वाटते.

याच ग्रंथातील यंत्रविषयक अध्यायात जलविहाराच्या घरांचे पाच प्रकार दिले आहेत: धारागृह, प्रवर्षण, प्रणाल, जलमग्न आणि नंद्यावर्त. धारा पडणाऱ्या, पाऊस पाडणाऱ्या, पाण्याने वेढलेल्या खोल्यांची ही कल्पना वाचून मग जहाज महाल आणि चंपा बावडी पाहावी. मांडूच्या गवंड्याने भोजाचा ग्रंथ वाचला होता असे मी म्हणत नाही. परंतु माळव्याचे ऊन तेच होते आणि पाऊसही तोच. एकाच भूमीत एकच गरज दोन राजवटींत दोन भाषांत बोलली असे म्हणण्यास हरकत नाही.

मांडूत शेवटी मी ज्या ठिकाणी बसलो ते आपल्या वाचकांस विशेष प्रिय वाटेल. गडाच्या एका कड्याला, साठएक पायऱ्या उतरून गेल्यावर, नीलकंठ महाल लागतो. अकबराचा सुभेदार शाह बुदाग खान याने तो १५७४ च्या सुमारास बांधला. झऱ्याचे पाणी भिंतीतून आत येते, कुंडात पडते आणि अंगणातील एका वळणावळणाच्या पन्हळीतून खेळत जाते. भिंतीवर अकबराच्या स्वाऱ्यांचे आणि वैभवाच्या नश्वरपणाचे लेख कोरलेले आहेत. हे बांधले विहारासाठी; पण आज येथे महादेवाची पूजा चालते. मी गेलो त्या श्रावणसोमवारी ओल्या वस्त्रांनी बायाबापड्या बेल घेऊन उतरत होत्या, आणि सुभेदाराने विलासासाठी खेळविलेले तेच पाणी पिंडीवर अभिषेकास वाहत होते. बादशहा गेला, सुभेदार गेला. पाण्याची वाट चुकली नाही म्हणून वास्तू नांदती राहिली.

तेथे बसल्या बसल्या मला आपल्या देवांची आठवण झाली. १५६० मध्ये श्रीमंगेशास कुशस्थळीहून प्रियोळास आणले तेव्हा आपल्या पूर्वजांनी प्रथम काय पाहिले असेल? डोंगराची कूस, झऱ्याचे पाणी आणि शेजाऱ्यांचा आसरा. सोन्याचा कळस पुष्कळ नंतरचा. आपली जुनी घरेही याच क्रमाने झाली: आधी बांय, मग तुळस, तुळशीभोवती राजांगण, आणि राजांगणाभोवती माणसे.

आता मला माझा एक अपराध सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या मूळ घराची दुरुस्ती निघाली. एका ठेकेदाराने सल्ला दिला की राजांगणातून पावसाचे पाणी आत येते, तेव्हा त्यावर सिमेंटची गच्ची टाकावी. एक मोठी बैठकीची खोली फुकट मिळेल. मी करारनामा लिहिला. हप्ते, मुदत, विलंबाचा दंड, लवादाचे कलम, सारे काही त्यात होते. एकही कलम कमी पडले नाही, असा मला अभिमान होता. गच्ची पडली आणि घर कोंडले. देवघरात भर दुपारी दिवा लावावा लागू लागला. तुळस मागल्या दारी गेली आणि तेथे जगली नाही. मातोश्री वैशाखात त्या नव्या बैठकीत कधी बसल्या नाहीत. पडवीतच चटई टाकीत. आमच्या सुखाधिकाराच्या कायद्यात, १८८२ च्या, तरतूद आहे की इमारतीस येणारा उजेड आणि वारा कोणी वीस वर्षे अखंडपणे, हक्काने उपभोगला असेल तर शेजाऱ्याला तो अडविता येत नाही. हे कलम मी कितीतरी अशिलांसाठी न्यायालयात वाचले आहे. माझ्याच घराने पिढ्यान्पिढ्या उपभोगलेला उजेड आणि वारा मी स्वतः, स्वतःच्या सहीने, अडविला. आणि त्याविरुद्ध फिर्याद करणारे कोणी नव्हते.

त्या वेळी दारात एखादा मामूर खान आला असता तर त्याने काय केले असते? बहुधा तो आधी पावसात एक दिवस राजांगणाच्या कडेला बसून राहिला असता. पाणी कोठून येते, कोठे जाते, पूर्वी कोठे जात होते, ते त्याने पाहिले असते. मग कदाचित एक तुंबलेली पन्हळ मोकळी करून, चार कौले बदलून त्याने आपली मजुरी मागितली असती, आणि मी ती जास्त आहे म्हणून घासाघीस केली असती.

हे केवळ माझ्या घराचे नाही. गावोगाव देवळांचे जीर्णोद्धार होत आहेत, आणि ते व्हावेत. परंतु जीर्णोद्धार या शब्दात जीर्णाचा उद्धार आहे, जीर्णाचा नाश नाही. लाकडी खांब काढून फरशी चढविताना, तळीच्या पायऱ्या बुजविताना, समितीच्या सभेत खर्चाचा अंदाज वाचला जातो, देणगीदारांची नावे वाचली जातात. दुरुस्त होण्याजोगे काय आहे आणि नव्याने बांधण्याजोगे काय, ही मांडूची पहिली यादी मात्र क्वचितच वाचली जाते. ती यादी करणारे माणूस शिकलेले असावे, हाताने काम केलेले असावे, बुद्धीचे असावे आणि शीलाचे असावे. असे माणूस आपल्या समाजातून निघत असेल तर त्याला पडदे लावणारा म्हणून हसणे आपल्याला परवडणारे नाही.

परत आल्यावर ही सारी हकीकत मी मातोश्रींना सांगितली. बादशहा, मनसब, सात लक्ष रुपये यांचे त्यांना विशेष वाटले नाही. नीलकंठाच्या पाण्याची गोष्ट त्यांनी दोनदा सांगावयास लावली. दुसऱ्या दिवशी पुतणीला हाक मारून त्यांनी आपल्याजवळ बसवून घेतले आणि विचारले, गच्ची फोडावयास किती खर्च येईल?

पुतणी म्हणाली, "आजी, आधी पाहायला हवे. पाऊस पडेपर्यंत थांबूया."

करारनामा या वेळी मी लिहिणार आहे. पण पहिले कलम ती सांगेल.